आधी ते इंजेक्शन काढा

“आधी ते इंजेक्शन काढा, मग बोलू.”

ट्रायम्फ टीआर-६ घेऊन कुणी सल्ला विचारायला आलं की माझं हे उत्तर ठरलेलं असायचं. मी राहते कॉव्हेंट्रीजवळ. ही गाडी बनली ती याच शहरातल्या कॅनलीच्या कारखान्यात, त्यामुळे ती जपणारे, रविवारी पुसणारे आणि तिच्यावरून भांडणारे इथे पावलोपावली. त्यात पोटापाण्यासाठी मी इंजिनांचं कॅलिब्रेशन करते, म्हणजे आजच्या गाड्यांचं इंजिन सांभाळणाऱ्या संगणकातले, ईसीयूमधले, आकडे जुळवत बसते. रोज इंजेक्शनच्याच कामात असलेली बाई कार्बोरेटर बसवा म्हणतेय म्हटल्यावर समोरच्याला पुढे बोलायला जागा उरत नसे. बऱ्याच जणांनी माझं ऐकलं. लुकासचं इंजेक्शन उतरवून खोक्यात भरलं आणि वेबर कार्बोरेटर चढवले.

आता मी तसं सांगत नाही. माझ्या स्वतःच्या टीआर-६मधले तीन वेबर मी काढले आणि कारखान्याने १९७० साली जे मेकॅनिकल इंजेक्शन दिलं होतं तेच परत बसवलं. ज्यांना उलट सांगितलं होतं ती मंडळी भेटली की हसतात. हसू देत. पण हे कसं झालं ते एकदा नीट सांगायला हवं.

जुनी गाडी म्हणजे कार्बोरेटर आणि इंजेक्शन म्हणजे नवी गाडी, असा आपल्याकडे सरसकट समज आहे. तो साहजिकही आहे. आपल्या रस्त्यांवर पेट्रोल मोटारींना इंजेक्शन आलं ते विसावं शतक सरता सरता, मागच्या काचेवर ‘एमपीएफआय’ अशी अक्षरं मिरवत. दुचाकींमध्ये तर २०२० च्या एप्रिलमध्ये बीएस-६ लागू होईपर्यंत कार्बोरेटर तग धरून होता. ट्रायम्फची गोष्ट वेगळी. १९६७ साली टीआर-५ आली तीच इंजेक्शन घेऊन: अडीच लिटरचं, एका ओळीत सहा सिलिंडर असलेलं इंजिन, लुकासचं पेट्रोल इंजेक्शन आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे १५० अश्वशक्ती. तेच इंजिन अमेरिकेला पाठवताना मात्र इंजेक्शन काढून दोन स्ट्रॉमबर्ग कार्बोरेटर लावले, गाडीला टीआर-२५० असं नाव दिलं, आणि अश्वशक्ती उतरली शंभराच्या आसपास. पुढची टीआर-६ जर्मनीच्या कारमानकडून नवा चेहरामोहरा करून घेऊन आली, पण पोटात तीच दुफळी: घरच्यांना इंजेक्शन, अमेरिकेला स्ट्रॉमबर्ग. १९७६ पर्यंत नव्वद हजारांवर टीआर-६ बनल्या. त्यातल्या ब्रिटनमध्ये राहिल्या त्या नऊ हजारांहूनही कमी.

म्हणजे या गाडीत ‘मूळचं काय?’ या प्रश्नाला दोन खरी उत्तरं आहेत, आणि वेबर त्यातलं एकही नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी तो विषय काढत नसे, एवढंच.

माझं कार्बोरेटरचं वेड कोल्हापूरचं. उद्यमनगरात आप्पांचं गॅरेज होतं. फियाटचा सोलेक्स आणि ॲम्बॅसिडरचा एस.यू. हे दोन कार्बोरेटर मी शाळेत असताना डोळे मिटून खोलत असे. एस.यू.च्या डोक्यावरचं पितळी टोपण काढायचं, आतल्या नळीत पातळ तेल आहे ना बघायचं, पिस्टन बोटाने वर उचलून सोडायचा आणि तो खाली ‘टक्’ करून बसला पाहिजे. बसला नाही तर आत मळ आहे. आप्पा स्क्रू फिरवताना माझ्याकडे बघायचे, इंजिनाकडे नाही. “ऐक,” म्हणायचे, “आता वाढलं. आता बघ, दमलं. ह्या दोन्हीच्या मधी ठेवायचं.” रिच (पेट्रोल जास्त) आणि लीन (पेट्रोल कमी) हे शब्द मला कॉलेजात कळले, ती गोष्ट मी कानाने आधीच शिकले होते.

इंग्लंडला आल्यावर या शिक्षणाला एक मोठी साथीदार मिळाली. बिअट्रिस शिलिंग. १९४० च्या हवाई लढाईत स्पिटफायर आणि हरिकेनच्या मर्लिन इंजिनांना एस.यू. कार्बोरेटर होते. जर्मन मेसरश्मिटच्या इंजिनात इंजेक्शन होतं. जर्मन वैमानिकाने विमानाचं नाक एकदम खाली घातलं की मागे लागलेल्या स्पिटफायरलाही तसंच करावं लागे, आणि त्या क्षणी कार्बोरेटरमधलं पेट्रोल उसळून वर जाई. आधी इंजिनाला पेट्रोल मिळायचं नाही आणि लगेच पाठोपाठ नको तेवढं मिळायचं; इंजिन गुदमरायचं. फार्नबरोच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या या बाईंनी १९४१ मध्ये त्यावर काढलेला उपाय म्हणजे पेट्रोलच्या वाटेत बसवायची धातूची एक छोटी चकती, मधोमध मोजून पाडलेलं भोक. विमान खोलायची गरज नाही. शिलिंगबाई फावल्या वेळात ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर नॉर्टन मोटारसायकलने ताशी शंभर मैलांच्या वर फेरी मारत असत, हे कळल्यावर तर मी त्यांचा फोटो टेबलावर ठेवला. अजून आहे.

कार्बोरेटरची बाजू मांडताना मी ही गोष्ट हमखास सांगायचे. बघा, इंजेक्शनवाल्यांना एका वॉशरने उत्तर दिलं! ऐकणाऱ्यांना ती आवडायची. पण ती चकती ही तात्पुरती मलमपट्टी होती, उलटं उडताना इंजिन तरीही बंद पडायचं, आणि पुढे मर्लिनला दाबाखाली पेट्रोल सोडणारे वेगळ्याच जातीचे कार्बोरेटर द्यावे लागले, हा उत्तरार्ध मी सांगत नसे. गोष्ट कुठे थांबवायची हे ठरवणं आपल्याच हातात असतं.

गाडी घेतली तेव्हा तिच्यात लुकासचंच इंजेक्शन होतं आणि गाडी वाईट चालत होती. आयडलिंगला धडधडायची, सिग्नलला थांबली की मागच्या गाडीवाला काच वर करायचा, प्लग काढावा तर काजळीने काळा. मला आधीपासून जे वाटत होतं त्याला समोर पुरावाच उभा. लुकासबद्दल इथे विनोदांना तोटा नाही. अंधाराचा राजा ही त्यातली सौम्य पदवी. मी फार खोलात गेले नाही. सगळं उतरवलं, तीन ४० डीसीओई वेबर आणि त्यांचं मॅनिफोल्ड आणून बसवलं.

वेबर सुंदर आहेत, हे मी आजही म्हणेन. डीसीओई उघडून बघा. वरचं झाकण एका पंखाच्या नटाने बसवलेलं. ते काढलं की पितळेच्या जेटांच्या जोड्या उभ्या दिसतात. पेचकसाने एक वर काढला की हातात येते जेमतेम दोन-अडीच इंचांची काडी: खाली मेन जेट, मधे भोकं पाडलेली इमल्शन ट्यूब, डोक्यावर एअर जेट. मेन जेटवर १३० कोरलंय म्हणजे भोक १.३० मिलिमीटर. इमल्शन ट्यूबवरचे नंबर मात्र कुणी कधी ठरवले देव जाणे. एफ-११ नंतर एफ-१६ घेतली तर ती कुठल्या बाजूने किती वेगळी असेल याचा त्या आकड्यावरून काहीही पत्ता लागत नाही. हिवाळ्यातले कित्येक शनिवार मी ही जेटांची डबी मांडीवर घेऊन काढले. कपड्यांना पेट्रोलचा वास, घरातल्यांची कुरकुर. मला त्यात सुख होतं.

आणि गाडी सुधारली, हे खोटं नाही. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की ती अशी गर्जायची की बस्स. पण पूर्ण ॲक्सिलरेटर इथल्या रस्त्यांवर दाबतो कोण? लेमिंग्टनच्या बाजूने जुना रोमन फॉस वे सरळसोट जातो, त्यावर पन्नास मैलांच्या वेगाने शांतपणे जायचं तर पाय जेमतेम टेकलेला असतो. नेमकं तिथे वेबर बिचकायचे. डीसीओईमध्ये आयडल जेटचं काम संपून मेन जेटचं सुरू होईपर्यंत मधल्या थोड्या टप्प्यात प्रोग्रेशनची बारीक छिद्रं इंजिनाला सांभाळतात, आणि माझं जवळजवळ सगळं चालवणं त्याच टप्प्यात पडायचं. ते बिचकणं घालवावं म्हणून आयडल जेट मोठा करावा, तर गाडी पेट्रोल प्यायची. लहान करावा, तर सनराइझिंग हिलच्या चढाला पाय वाढवल्याबरोबर गचका. मी यालाच ‘स्वभाव’ म्हणायचे. जुन्या गाडीला स्वभाव असतो, असं म्हटलं की पुष्कळ गोष्टी खपतात.

मग क्रँकशाफ्टचे थ्रस्ट वॉशर गेले. ट्रायम्फच्या या सहा सिलिंडरच्या इंजिनाची ही जुनी खोड. वॉशर झिजून सुटले की क्रँक पुढेमागे सरकू लागतो. इंजिन बाहेर काढावंच लागलं. उघडलंच आहे तर कॅमशाफ्टही मोजून घेऊ म्हणून डायल गेज लावला. कारखान्याच्या सुरुवातीच्या १५० अश्वशक्तीच्या इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह २८० अंश उघडा राहतो. १९७३ च्या मॉडेलपासून कॅम सौम्य करून तो २५६ अंशांवर आणला आणि कागदावरची अश्वशक्ती १२५ च्या आसपास आली, म्हणजे काही अंशी कॅममुळे आणि काही अंशी मोजायची पद्धत बदलल्यामुळे. माझ्या गाडीतला कॅम ३०० च्याही पुढे निघाला. आधीच्या कुणा मालकाने शर्यतीच्या हौसेपोटी तो घातला होता.

इथे लुकासच्या यंत्राच्या पोटात शिरावं लागेल, कारण सगळा निकाल तिथेच लागतो. त्याचं मीटरिंग युनिट डिस्ट्रिब्युटरच्याच बैठकीवरून इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतं. आत फिरता रोटर, रोटरमध्ये एक छोटं शटल. डिकीतल्या विजेच्या पंपाकडून शंभर पीएसआयच्या वर दाबाने आलेलं पेट्रोल त्या शटलला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ढकलतं, आणि शटल सरकताना आपल्या पुढचं पेट्रोल ज्याची पाळी असेल त्या सिलिंडरच्या नळीत लोटतं. शटल जितकं सरकेल तितकं पेट्रोल. ते किती सरकावं हे एका हलत्या अडसरावर अवलंबून, आणि तो अडसर हलवणारा असतो डायफ्राम, ज्याला इनलेट मॅनिफोल्डमधलं व्हॅक्यूम ओढत असतं. पाय कमी, व्हॅक्यूम जास्त, पेट्रोल कमी. पाय दाबला, व्हॅक्यूम पडलं, पेट्रोल वाढलं.

कार्बोरेटर इंजिनाला विचारतो: हवा किती जोरात वाहतेय? लुकास विचारतं: व्हॅक्यूम किती आहे? नोकरीत मी ज्या ईसीयूंशी झगडते त्या डझनभर प्रश्न विचारतात, वर उत्तर खरं आहे की नाही हे लॅम्डा सेन्सरकडून तपासून घेतात. लुकासचा प्रश्न एकच, आणि त्याचं उत्तर कॅमवर ठरतं. व्हॉल्व्ह फार वेळ उघडे ठेवणारा कॅम घातला की आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम धड तयारच होत नाही. लुकासला वाटतं चढ लागलाय, मालकाने पाय दाबलाय. ते इमानदारीने पेट्रोल वाढवतं. काजळी, धडधड, मागच्या गाडीची वर गेलेली काच, सगळ्याचा उगम तो कॅम. वेबरला त्या व्हॅक्यूमशी फारसं देणंघेणं नसल्यामुळे त्यांनी ते निभावून नेलं, आणि त्याचं श्रेय मी कार्बोरेटरला दिलं, दोष इंजेक्शनला.

रस्त्यावर चालवायच्या गाडीत मला तो शर्यतीचा कॅम नकोच होता. मूळ मापाचा २८० अंशांचा कॅम घातला. आणि मग लक्षात आलं की ज्या कारणासाठी वेबर आणले ते कारणच आता इंजिनात उरलेलं नाही.

तरीही मी लगेच वळले नाही. यंत्र समजणं वेगळं आणि ते आपल्या गाडीत बसवून घेणं वेगळं. मनात अडलेली गोष्ट निराळीच होती: कार्बोरेटर मी रस्त्याच्या कडेला दुरुस्त करू शकते, मीटरिंग युनिट नाही. ते कुणाकडे तरी पाठवावं लागणार. जे आपल्याला स्वतःच्या हाताने लावता येत नाही ते आपलं कसं, असा तो सूर होता. तो आप्पांचा आहे असं मी धरून चालले होते.

खोक्यातलं युनिट घेऊन मी एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेले. दोन माणसं, एक टेबल, टेबलावर टेस्ट बेंच. युनिट बेंचवर बांधलं, मोटरने फिरवायला सुरुवात केली, सहा नळ्या सहा काचेच्या मापनळ्यांत सोडल्या. व्हॅक्यूम ठरावीक आकड्यावर धरलं, ठरावीक फेरे मोजले, थांबवलं. सहा नळ्यांत सहा पातळ्या. चौथी बाकीच्यांपेक्षा स्पष्ट खाली. खालच्या सीलमधून पेट्रोल झिरपतही होतं. तो माणूस मापनळ्या रिकाम्या करत शांतपणे म्हणाला, हे सगळं होण्यासारखं आहे.

मी त्या काचेच्या नळ्यांकडे बघत राहिले, कारण हे दृश्य मी शेकडो वेळा पाहिलेलं होतं. आप्पांच्या गॅरेजच्या समोरच्या बोळात पंप-नोझलचं दुकान होतं. उसाचे ट्रक, ट्रॅक्टर, विहिरीवरची डिझेल इंजिनं, सगळ्यांचे पंप तिथे कॅलिब्रेशनला यायचे. अशीच मोटर, अशाच नळ्या, असाच पुसत पुसत आकडे लिहिणारा माणूस. नाशिकच्या मायकोत बनलेली नोझलं तेलकट कागदात गुंडाळून फळीवर ठेवलेली. ट्रॅक्टरवर तर सीएव्हीचे डीपीए पंप यायचे, आणि सीएव्ही ही लुकासच्याच घरातली कंपनी. मेकॅनिकल इंजेक्शनला घाबरण्याचं मला काय कारण होतं? मी त्याच्या समोर वाढले. त्या बोळातल्या एकाही शेतकऱ्याला ‘पंप मला स्वतःला खोलता येत नाही म्हणून इंजिन माझं नाही’ असं वाटलेलं मी ऐकलं नाही. पंप बिघडला की दुकानात द्यायचा, लावून आणायचा, सीलबंद करायचा, आणि मग त्याला पुढे कित्येक हंगाम हात लावायचा नाही.

त्या रात्री आप्पांना व्हिडिओ कॉल केला, युनिट कॅमेऱ्यासमोर धरलं. त्यांनी चष्मा वर-खाली करून बघितलं. “आगं, ह्यो तर पंपच की. पेट्रोलवर चालतोय एवढंच.” मग विचारलं, “ह्याला भिऊन तू कार्बोरेटर बशिवलास व्हय?” मी कॅमची गोष्ट सांगायला लागले. त्यांनी अर्ध्यावर तोडलं. कार्बोरेटर कानाने लावायचा कारण गॅरेजात दुसरं काही नव्हतं, बेंच असता तर मी कशाला कान लावत बसलो असतो, असं त्यांचं म्हणणं. ज्या गोष्टीला मी त्यांची श्रद्धा समजत होते ती त्यांची अडचण होती.

लुकासची बदनामी मुळात झाली कशी, हेही मग उलगडलं. हीच कंपनी शर्यतीत काय करत होती बघा. १९५७ साली ल मानची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या जॅग्वार डी-टाइपमध्ये लुकासचं इंजेक्शन होतं. १९६७ मध्ये झांडफोर्टला जिम क्लार्कने ज्या कॉसवर्थ डीएफव्ही इंजिनाला पदार्पणातच जिंकून दिलं, त्यातही लुकासच. तिथे दर शर्यतीला त्याची पारख असलेली माणसं हजर असत. रस्त्यावरच्या गाडीच्या वाट्याला आला गावातला डीलर, ज्याचा मेकॅनिक एस.यू. आणि स्ट्रॉमबर्गवर मुरलेला. तो समोर दिसेल तो स्क्रू फिरवणार, कारण आयुष्यभर ते केलं की गाडी सुधारत आली होती. मीटरिंग युनिटवरचे स्प्रिंग आणि रोलर अंदाजाने फिरवले की मात्र ते परत मूळ जागी आणायला बेंचशिवाय उपाय नाही.

पंपाची तक्रार मात्र खरी होती, ती मी झाकणार नाही. लुकासच्या मूळ पंपाची मोटर ही वायपरच्या मोटरच्या घराण्यातली. शंभर पीएसआयचा दाब तिने अखंड द्यावा अशी अपेक्षा, आणि उरलेलं पेट्रोल फिरून टाकीत परत. टाकी पाव भागाच्या खाली गेली आणि दिवस उन्हाचा असला की तेच ते पेट्रोल फिरून फिरून तापतं, वाफ धरते, पंप कण्हायला लागतो, गाडी बंद. मी बॉशचा पंप बसवला आहे. ‘मूळचं ते मूळचं’ म्हणणारे यावरून मला टोमणे मारतात. मारोत.

बसवतानाचं काम तसं कंटाळवाणं, पण एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सगळं जोडल्यावर नळ्यांत हवा अडकलेली असते आणि इंजिन चार-पाच सिलिंडरवर लंगडत चालतं. तेव्हा एकेक नायलॉनची नळी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायची. आत पेट्रोलचा ठोका लागतो, नाडीच्या ठोक्यासारखा स्पष्ट. ज्या नळीत ठोका नाही ती हवेने तुंबलेली. ती टिचक्या मारून मोकळी केली की ठोका येतो आणि त्याच क्षणी इंजिनाचा आवाज भरतो. सहा थ्रॉटल एकसारखे उघडतात की नाही हे मात्र वेबरइतकंच निगुतीने जुळवावं लागतं; त्या कामात इंजेक्शन काहीही सवलत देत नाही. पूर्ण दाबल्यावरच्या ताकदीतही मला दोन्हींत फरक जाणवत नाही. दोन्हीकडे दर सिलिंडरला स्वतंत्र घसा आहे, तेव्हा जाणवायचं कारणही नाही. फॉस वेवरचं ते बिचकणं गेलं, फरक पडला तो एवढाच. माझ्यासाठी तो पुरेसा होता.

आता दुसरी बाजू, कारण ती न सांगण्याची सवय मला पूर्वी होती.

उंचीवर लुकास कार्बोरेटरपेक्षा वाईट वागतं. दोन हजार मीटरवर हवा साधारण पाचव्या हिश्शाने विरळ असते. पूर्ण ॲक्सिलरेटरला व्हॅक्यूम नसतंच, त्यामुळे लुकास समुद्रसपाटीइतकंच पेट्रोल देत राहतं. कार्बोरेटरही रिच होतो, पण निम्म्यानेच. गाडी घेऊन आल्प्सचे घाट चढायचे असतील तर वेबर बरे. दुसरं, शंभर पीएसआयची नळी फुटली तर पेट्रोल फवारतं. वेबरला तीन पीएसआय पुरतात. इंग्लंडमध्ये २०२१ च्या सप्टेंबरपासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं, ते जुन्या रबराला सोसत नाही, म्हणून सगळ्या नळ्या आणि सील नव्या मालाच्या घालाव्या लागल्या. तरी मी महागडं सुपरच भरते. आणि ज्याला शर्यतीचा कॅम हवाच आहे, त्याने लुकासच्या नादी लागू नये. वेबर घ्यावेत.

किंवा इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर मला सगळ्यात जास्त अवघड जातं. तू रोज हेच करतेस, मग स्वतःच्या गाडीत का नाही? क्रँकच्या पुलीवर दात्यांचं चाक, नवे थ्रॉटल बॉडी, एक सुटा ईसीयू, एक्झॉस्टमध्ये लॅम्डा. गाडी थंडीत एका सेल्फमध्ये चालू होईल, उंचीचं भान ठेवेल, कमी पेट्रोल पिईल, धूर स्वच्छ सोडेल. इंजिनिअर म्हणून माझ्याकडे याच्या विरोधात एकही मुद्दा नाही. नियमांचाही काच नाही. ऑगस्ट १९७५ च्या आधीच्या गाडीचा इथे तपासणीत फक्त डोळ्यांनी धूर बघतात, आणि चाळीस वर्षांपुढच्या, फारशी बदलाबदल न केलेल्या गाडीला तर ती तपासणीही सक्तीची नाही. मला नको आहे, कारण शनिवारी सकाळी गॅरेजात लॅपटॉप उघडला की ऑफिस सुरू झाल्यासारखं वाटतं. ही निव्वळ आवड आहे. तिला मी आता तत्त्वाचे कपडे चढवत नाही. ज्यांना रोज गाडीने कामावर जायचंय त्यांना मी सरळ इलेक्ट्रॉनिककडे पाठवते.

सल्ला विचारणारे अजून येतातच. मी आता उलट प्रश्न विचारते: कॅम कोणता आहे? बहुतेकांना माहीत नसतं. मग मी म्हणते, आधी डायल गेज लाव, मग ये. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही. पूर्वीचं उत्तर लोकांना जास्त आवडायचं.

गेल्या उन्हाळ्यात एकजण अमेरिकेतून परत आणलेली टीआर-६ घेऊन आला. कोरड्या हवेतली, पत्र्याला गंज नाही, दोन स्ट्रॉमबर्ग छान चालणारे. माझ्या मतपरिवर्तनाची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. “तर मग मीही लुकास बसवतो,” म्हणाला. मी त्याला समजावलं की अमेरिकी इंजिनात कॉम्प्रेशन कमी असतं, इथल्या साडेनऊच्या जागी साडेआठ किंवा त्याहून खाली. कॅम वेगळा, मॅनिफोल्ड वेगळं. नुसतं इंजेक्शन चढवून १५० अश्वशक्ती उगवणार नाहीत. हेडपासून कॅमपर्यंत सगळं बदलावं लागेल. तुझे स्ट्रॉमबर्ग त्या इंजिनासाठीच दिलेले आहेत, त्यांचे डायफ्राम बदल आणि गाडी चालव.

तो थोडा नाराज झाला. “म्हणजे आधी इंजेक्शन असणाऱ्यांना काढायला लावलंत,” म्हणाला, “आणि आता नसणाऱ्याला बसवू देत नाही.”

त्याने ऐकलं नाहीच. लुकासचं सगळं सामान कुठूनतरी मिळवलंय, हेड तासायला दिलंय. मीटरिंग युनिटसाठी मी त्याला त्या दोन माणसांच्या वर्कशॉपचा पत्ता दिला. कॅम बसवण्याआधी मोजून घे, एवढं मात्र बजावलं.